सोलापुरात गटाने ऐकायला इतिहास आणि जागतिक घडामोडींचे मोफत अभ्यासक्रम: कुठला घ्यावा, कसा चालवावा?

भुईकोट (प्रश्न)

मंडळी, नेमकी माहिती हवी आहे.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ, वाचनालयाची एक खोली, दहा-बारा माणसं. वयं वीसपासून सत्तरपर्यंत. निम्म्यांना इंग्रजी ऐकून समजतं, उरलेल्यांना वाचून कळतं पण ऐकताना निसटतं. दोघा-तिघांना मराठी नाहीतर तेलुगूच बरी. विषय ठरलाय: विसावं शतक, दोन्ही महायुद्धं, शीतयुद्ध आणि भारताचं परराष्ट्र धोरण. स्पर्धा परीक्षेशी संबंध नाही. चहाचा खर्च सोडला तर पैसे घालायचे नाहीत.

विचारायचं असं की खरोखर मोफत काय आहे? इंग्रजी कच्चं असणाऱ्यांचं काय करायचं? दहा माणसांना पडद्यावर दाखवलं तर कायद्यानं चालतं का? आणि सोलापुरातच प्रत्यक्ष ऐकायला काय मिळतं, कुठे लक्ष ठेवायचं? प्रमाणपत्राची कोणाला हौस नाही, एक मुलगा सोडून.

---

तळटीप

आधी ‘मोफत’ची फोड करून घ्या, निम्मा घोळ तिथेच होतो. येल ओपन कोर्सेस आणि एमआयटी ओपनकोर्सवेअर या दोन अमेरिकी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर सगळं उघडं असतं. नोंदणी नाही, प्रमाणपत्रही नाही. स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आणि त्यावरचे एनपीटीईएलचे (आयआयटी वगैरेंचे) अभ्यासक्रम, तिथे शिकणं फुकट, परीक्षेला पैसे. कोर्सेरा-एडएक्स या परदेशी अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवर फुकट किती दिसणार हे अभ्यासक्रमागणिक बदलतं आणि मुदत संपली की कुलूप. शिवाय खातं एकाचं असतं. तो एक जण गावाला गेला की शनिवार बुडाला. गटासाठी त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या विषयाला येलचा जॉन मेरीमन यांचा ‘युरोपियन सिव्हिलायझेशन, १६४८–१९४५’ घ्या. २००८ च्या सत्रात वर्गातच चित्रित झालेला, २४ व्याख्यानं, प्रत्येक पन्नास मिनिटांच्या आसपास. सगळी चोवीस घेऊ नका. तुम्हाला १५ ते २४ पुरेत: साम्राज्यवाद (१५), महायुद्धाकडे वाटचाल (१६), खंदकातलं युद्ध (१७), युद्धस्मारकं आणि शोक (१८, हे पाहुणे प्राध्यापक जे विंटर यांचं), रोमानोव्ह घराणं आणि रशियन क्रांती (१९), पूर्व युरोपातली नवी राष्ट्रं (२०), स्टालिनवाद (२१), फॅसिस्ट (२२), दुसऱ्या महायुद्धातलं सहकार्य आणि प्रतिकार (२३), साम्यवादाचा पाडाव (२४). म्हणजे दहा शनिवार. प्रत्येक व्याख्यानाच्या पानावर चित्रफीत, फक्त आवाजाची एमपी३ आणि शब्दन् शब्द उतरवलेली संहिता अशा तिन्ही गोष्टी मिळतात. संहिता सोन्याची आहे. छापली तर एका व्याख्यानाची साधारण पंधरा पानं होतात.

आता यातल्या खड्ड्यांविषयी. मेरीमन भरभर बोलतात, मधेच फ्रेंच शब्द टाकतात, विषय सोडून गावगप्पांत शिरतात. पहिल्या दहा मिनिटांत नवा श्रोता गळतो तो यानेच. दुसरं, मांडणी युरोपची आहे आणि त्यातही मन फ्रान्समध्ये. २३ व्या व्याख्यानातून दुसऱ्या महायुद्धाच्या लढाया कळतील असं धरू नका, ते जर्मन ताब्यातल्या लोकांविषयी आहे. आणि २३ वरून २४ वर उडी मारताना शीतयुद्धाची चाळीसेक वर्षं जवळजवळ हातातून सुटतात. भारत शोधायला गेलात तर फार काही सापडणार नाही, आणि भारतातून तर पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली होती. १७ व्या व्याख्यानाच्या दिवशी दहा मिनिटं काढून दोन नावं नकाशावर दाखवा: फ्रान्समधलं नव्ह शापेल, जिथे मार्च १९१५ मध्ये भारतीय फौज लढली, आणि आजच्या इराकमधलं कुत, जिथे २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिशांची जी फौज शरण गेली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. खोलीतली मान तेव्हा वर होते.

शीतयुद्धाचा खड्डा भरायला बरेच जण एनसीईआरटीचं बारावीचं जागतिक राजकारणाचं पुस्तक उतरवतात आणि फसतात. अभ्यासक्रम छाटला गेला तेव्हा त्यातलं शीतयुद्धाचं प्रकरणच काढलं. आता पुस्तक थेट द्विध्रुवी जगाच्या शेवटापासून सुरू होतं. त्यापेक्षा आपल्या बालभारतीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक घ्या. निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध दोन्हींवर मराठीत प्रकरणं आहेत, पीडीएफ फुकट मिळते. जोडीला अकरावीच्या राज्यशास्त्रातली १९४५ नंतरच्या जगावरची प्रकरणं आणि बारावीतलं १९९१ नंतरच्या जगावरचं. शाळेची पुस्तकं म्हणून नाक मुरडू नका. मराठीतल्या संज्ञा एका जागी इतक्या नेटक्या दुसरीकडे मिळत नाहीत.

भारताच्या परराष्ट्र धोरणाला ई-ज्ञानकोश, म्हणजे इग्नू या मुक्त विद्यापीठाचा नेटवरचा पाठ्यसाहित्याचा साठा. तिथे नावाने शोधलं तर शंभर भलतीच पानं येतात, अभ्यासक्रमाच्या क्रमांकाने शोधा: एमपीएसई-००१ म्हणजे ‘भारत आणि जग’, एमपीएस-००२ म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध. प्रत्येक घटक वेगळ्या पीडीएफमध्ये असतो, एकदाच सगळे उतरवून क्रमाने नावं द्या, नाहीतर ऐन वेळी ‘युनिट-३’ नावाच्या चार फाइली निघतात आणि कुठली कशाची कळत नाही. इग्नूचं पुष्कळ साहित्य हिंदीतही आहे, इंग्रजीला बिचकणाऱ्यांना ते सरळ देता येतं.

पडद्यावर दाखवण्याचं: येलचे हे अभ्यासक्रम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. नाव द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत आणि त्यातून काही नवं केलं तर त्याच अटींवर द्यायचं. एमआयटीचंही तसंच. म्हणजे तुमचा शनिवार बसतो, फक्त प्रवेशमूल्य लावू नका, चहाच्या नावाखालीही नाही. यूट्यूबवरची बाकीची व्याख्यानं मात्र वेगळी. यूट्यूबच्या अटींत वापर वैयक्तिक आहे आणि सार्वजनिक प्रदर्शन नको असं स्पष्ट लिहिलंय. ती आवडली तर दुवा गटात टाका, घरी पाहू द्या, शनिवारी फक्त चर्चा करा. येलच्या फिती यूट्यूबवरून न दाखवता येलच्याच पानावरून उतरवून घ्या.

---

शेंगाचटणी

अभ्यासक्रमाचं वर आलंच आहे. मी खोलीचं बोलतो, कारण असे उपक्रम बंद पडतात ते आवाजामुळे, विषयामुळे नव्हे.

प्रोजेक्टरमधल्या छोट्या स्पीकरवर भरवसा ठेवू नका. पंखे चालू झाले की मेरीमन गेले. दोन साधे स्पीकर घ्या आणि पडद्यापाशी न ठेवता खोलीच्या मध्याजवळ, दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. आवाज कमी ठेवूनही शेवटच्या रांगेला शब्द सुटा ऐकू येतो. उघड्या भिंती आणि फरशीची खोली घुमते, मागच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी टांगा. विनोद नाही, घुमणं खरंच कमी होतं.

वाचनालयांत बहुतेक जुने प्रोजेक्टर असतात, त्यांना व्हीजीए तार लागते. त्या तारेतून चित्र जातं, आवाज जात नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरला वेगळी तार हवी. नव्या लॅपटॉपला व्हीजीएचं भोकच नसतं, म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए जोडणीचा तुकडाही पिशवीत ठेवा.

चित्राची उंची चार फूट असेल तर शेवटची खुर्ची चोवीस फुटांच्या आत. त्यापलीकडे खालची अक्षरं वाचता येत नाहीत. डिसेंबरात सोलापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसहाला खोली अंधारते. मेमध्ये सात वाजेपर्यंत पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आणि चाळिशीच्या पुढचा पारा. म्हणून दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दोन शनिवार सरळ सोडा. अक्षता आणि होमाच्या दिवसांत पार्क चौक, होम मैदान, सिद्धेश्वर मंदिर हा सगळा भाग गर्दीने भरलेला असतो. वाचनालय त्या बाजूला असेल तर माणसं येणार नाहीत आणि जे येतील त्यांना गाडी लावायला जागा नाही.

नेटवर चालवू नका. आदल्या दिवशी फाइल उतरवा, लॅपटॉपवर एक आणि पेन ड्राइव्हवर एक. ज्यांना घरी परत ऐकायचंय त्यांना फक्त आवाज द्या. ६४ केबीपीएसचा एक तासाचा आवाज २९ एमबीच्या आत बसतो, चित्रासकट त्याच्या कितीतरी पट. मोबाइलचा रोजचा डेटा वाचतो.

नव्वद मिनिटांची वाटणी अशी करा: दहा मिनिटं नकाशा आणि आजची नावं, पंचवीस मिनिटं व्याख्यान, दहा मिनिटं थांबून मराठीत उजळणी, पुन्हा पंचवीस मिनिटं, उरलेली वीस प्रश्न आणि एखादा मूळ दस्तऐवज. मधलं थांबणं वगळू नका. सलग पन्नास मिनिटं परकी भाषा ऐकली की शेवटची पंधरा मिनिटं वाहून जातात. थांबण्याची जागा आदल्या दिवशी संहितेवर खूण करून ठरवा. घड्याळ बघून थांबलात तर मुद्दा अर्ध्यात तुटतो.

चित्रफीत लावायला व्हीएलसी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर कळफलकावरच्या जी आणि एच या अक्षरांनी खालची वाक्यं मागेपुढे सरकतात. वेग ०.९ ठेवला तरी मेरीमन नैसर्गिक वाटतात, ०.७५ वर मात्र माणूस झोपेत बोलल्यासारखा होतो.

---

कंबर_तलाव

इंग्रजी कच्चं असणाऱ्यांबद्दल.

यूट्यूबवर ‘आपोआप भाषांतर – मराठी’ चालू करून मोकळं व्हावं असं सगळ्यांना वाटतं. इतिहासाच्या व्याख्यानात ते घातक. साधा शब्द बरोबर येतो आणि पारिभाषिक शब्दाचा घात होतो. जपानच्या संसदेला डाएट म्हणतात, यंत्राच्या हाती ती ‘आहार’ होऊ शकते. उस्मानी दरबाराला युरोपात पोर्ट म्हणत, त्याचं ‘बंदर’. चूक अशी की वाक्य व्याकरणाने ठीक दिसतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

त्यापेक्षा एका माणसाने आठवडाभरात संहिता वाचून एका पानाचा मराठी गोषवारा करावा. पाळी लावा, दर वेळी नवा माणूस. पानावर तीनच गोष्टी हव्यात: पाच-सहा विशेषनामं देवनागरीत उच्चारासकट, चार तारखा, आणि व्याख्यात्याचा दावा दोन वाक्यांत. दावा, विषय नव्हे. ‘आज रशियन क्रांती’ हा विषय झाला. क्रांती कशामुळे झाली असं तो म्हणतो, हा दावा. गोषवाऱ्याची पंधरा पानं झाली की समजा करणाऱ्याला कळलेलं नाही. तेलुगूवाल्यांसाठी निराळी सोय शोधत बसू नका, शहराच्या तेलुगूबहुल पूर्व भागातलं कोणी ना कोणी दोन्ही भाषा बोलणारं गटात असणारच. मधल्या दहा मिनिटांत त्याला त्यांच्याशेजारी बसवा.

संज्ञांची एक वही सुरुवातीपासून ठेवा: सत्तासमतोल, अलिप्ततावाद, तणावशैथिल्य, निर्बंध, विश्वस्त प्रदेश, नकाराधिकार. एका संज्ञेला एकच मराठी शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात वाद अर्थाचा राहत नाही, शब्दांचा होतो. अडलं तर मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. फक्त लक्षात ठेवा, त्याचे खंड १९७६ पासून निघत गेले, त्यामुळे काही नोंदी सोव्हिएत संघ अजून उभा आहे असं धरून लिहिलेल्या आहेत. संज्ञेसाठी उत्तम, आजच्या स्थितीसाठी नाही.

तारखांची एक खोड आधीच सांगून ठेवा. ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबर १९१७ ला कशी, हा प्रश्न हमखास येतो. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, तेरा दिवस मागे, म्हणून तिथे २५ ऑक्टोबर. आपल्याकडेही हे आहे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. तेव्हाच्या इंग्रजी वखारींच्या पत्रांतल्या तारखाही त्याच मोजणीच्या. तेव्हा फरक दहा दिवसांचा होता. इंग्लंडने कॅलेंडर बदललं ते १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर.

आणि मूळ दस्तऐवज. शेवटच्या वीस मिनिटांत एक पान मोठ्याने वाचा. मतं ऐकून ऐकून कंटाळलेल्या माणसाला मूळ वाक्य समोर आलं की वेगळंच भान येतं. दोन सुचवतो.

पहिला, २९ एप्रिल १९५४ चा भारत-चीन करार. सगळे त्याला ‘पंचशील करार’ म्हणतात. वाचलात तर दिसेल की पाच तत्त्वं फक्त प्रस्तावनेत आहेत. बाकी करार आहे तिबेटशी व्यापार आणि यात्रेकरूंच्या ये-जा बद्दल. चौथ्या कलमात सहा खिंडींची नावं आहेत: शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा, लिपुलेख. मुदत आठ वर्षं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमलात आला, आता आठ मिळवा आणि १९६२ च्या कुठल्या महिन्यात संपला ते खोलीला काढू द्या. सीमा कुठे आहे हे त्यात एका ओळीनेही नाही. यावर व्याख्यान द्यायची गरज उरत नाही.

दुसरा, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव, २२ नोव्हेंबर १९६७, एकमताने मंजूर. इस्रायलच्या फौजांनी नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. सगळ्या प्रदेशांतून की काही? इंग्रजीत ‘टेरिटरीज’च्या मागे ‘द’ नाही, म्हणून इस्रायलची बाजू सांगते की सगळे असं म्हटलेलं नाही. फ्रेंच मसुद्यात ‘दे तेरितुआर’ आहे, त्याचा सरळ अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असा लागतो, आणि अरब बाजू त्यावर बोट ठेवते. आता हेच वाक्य मराठीत करा: ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’. आपल्याकडे ‘द’ नाहीच. म्हणजे ज्या एका अक्षरावर इतकी वर्षं भांडण चाललंय ते भाषांतरात गायबच होतं. मूळ का बघायचं, हे यापेक्षा कमी वेळात पटवता येत नाही. ठराव संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात सर्व अधिकृत भाषांत फुकट आहे.

तिथेच आंतरराष्ट्रीय कायद्याचं दृक्‌श्राव्य ग्रंथालयही आहे, नामांकित न्यायाधीश-प्राध्यापकांची व्याख्यानं, मोफत. पण जड. पहिल्या वर्षी नको.

---

भुईकोट

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभारी आहे. तळटीप, तो प्रमाणपत्रवाला मुलगा विचारतोय: स्वयम्‌वर नेमकं काय करायचं? आणि लंडनच्या ग्रेशम कॉलेजची व्याख्यानं थेट बघता येतील का?

---

तळटीप

स्वयम्‌ची सत्रं दोन, जानेवारी आणि जुलै. नाव नोंदवणं आणि परीक्षेला नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या शेवटच्या तारखा असतात, आणि मुलं फसतात ती इथेच. व्याख्यानं सगळी ऐकतात, गृहपाठ भरतात आणि परीक्षेचा अर्ज राहून जातो. परीक्षा अर्जाची तारीख अभ्यासक्रम चालू असतानाच निघून जाते. खात्यातलं नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच टाकायला सांगा, प्रमाणपत्रावर तेच उमटतं.

एनपीटीईएलमधला विषय घेतला तर हिशेब असा: गृहपाठाला २५, परीक्षेला ७५. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम सहा गृहपाठ धरतात, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ. गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत ६० पडले आणि गृहपाठात ९, तर प्रमाणपत्र नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, घरून नाही. शुल्क एका विषयाला १,००० रुपये. अर्ज भरताना शहरांची यादी दिसते, सोलापूर नसेल तर पुण्याचा विचार आधीच करावा. कॉलेजात शिकत असेल तर श्रेयांक मिळतील का हे आधी स्वतःच्या विभागात विचारावं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌वरून घ्यायची मुभा दिली आहे, पण मान्य करायचे की नाही ते संस्था ठरवते.

ज्यांच्याकडे नेटच नाही त्यांना स्वयंप्रभा वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात. रोजचे नवे चार तास दिवसभरात पुन्हा पुन्हा लागतात, म्हणजे सकाळी हुकलं तर रात्री सापडतं.

ग्रेशम १५९७ पासून फुकट व्याख्यानं देतंय, दर्जा चांगला, तासाभराच्या आत संपतं, बहुतेकांची संहिता मिळते. थेट बघायचा हट्ट नको. लंडनला संध्याकाळी सहा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं, त्या आठवड्यात सगळे चुकतात. नंतर सवडीने घरी बघा.

---

जुनी_मिल_कंपाउंड

सोलापुरात काय, तर इथे व्याख्यानमालांची परंपरा आहे, प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफतच. हिराचंद नेमचंद वाचनालय, हुतात्मा स्मृती मंदिर, फडकुले सभागृह, शिवस्मारक, या चार जागांवर लक्ष ठेवलं तर बरंचसं हाती लागतं. नेटवर शोधत बसू नका. स्थानिक दैनिकांतलं ‘आजचे कार्यक्रम’ सदर आणि सभागृहाबाहेरचा फलक, हे दोनच भरवशाचे. हिवाळ्यात गर्दी, मार्चनंतर ओहोटी. विषयांत मात्र ललित, अध्यात्म, व्यक्तिमत्त्व विकास यांचीच चलती. परराष्ट्र धोरणावर वर्षात दोन-चार झाली तरी पुष्कळ. आयोजकांना विषय सुचवायचा असेल तर माला संपल्याबरोबर सुचवा. पत्रिका छापायच्या आधी महिनाभर गेलात तर वक्ते ठरलेले असतात.

केगावला सोलापूर विद्यापीठात विभागांची चर्चासत्रं होतात, बाहेरच्यांना बसू देतात, पण आधी विभागप्रमुखांना पत्र द्यावं. परराष्ट्र मंत्रालयाची एक योजना आहे, निवृत्त राजदूत देशभरच्या विद्यापीठांत जाऊन व्याख्यान देतात. २०१० पासून चालू आहे, कित्येकांची भाषणं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लिखित स्वरूपात आहेत. यजमान विद्यापीठच लागतं, वाचनालयाला थेट मागता येत नाही. म्हणून विभागाला गाठा, श्रोत्यांची हमी तुम्ही घ्या. विभागालाही भरलेलं सभागृह हवंच असतं.

पुण्याहून वक्ता बोलावणार असाल तर हुतात्मा एक्स्प्रेसचं गणित ध्यानात घ्या. ती पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि सोलापूरहून सकाळी. म्हणजे परतायला छान, यायला निरुपयोगी. येणं सकाळच्या गाडीने, मुक्काम एक रात्र. मानधन नाही म्हणालात तरी प्रवास आणि मुक्काम तुमच्याकडे लागतो, तेव्हा ‘खर्च फक्त चहाचा’ हे तेवढ्यापुरतं विसरा.

आणखी एक. जग शिकायला सोलापूर सोडायची गरज नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, १९१० चा जन्म. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते, आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले. भैय्या चौकात स्मारक आहे. पूर्व आशियातल्या युद्धाचा शनिवार तिथून सुरू करा. मेरीमन यांचा आशियाशी संबंध नाही, तो खड्डा असा भरतो.

दुसरं दार कापसाचं. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात पोचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला तसा इकडच्या कापसाला भाव चढला, १८६५ ला युद्ध संपताच कोसळला. पुढे दशकभरानंतर आपली जुनी मिल उभी राहिली. याला येलचाच डेव्हिड ब्लाइट यांचा यादवी युद्धावरचा २७ व्याख्यानांचा अभ्यासक्रम जोडता येतो, आणि इकडची बाजू १८८४ च्या मुंबई गॅझेटियरच्या विसाव्या खंडात, तो पूर्ण सोलापूर जिल्ह्याचा आहे, शासनाच्या गॅझेटियर विभागाने फुकट ठेवलाय. इंग्रजी जुनं आहे आणि गावांची नावं ओळखू येत नाहीत अशी लिहिली आहेत. व्यापार आणि शेतीची प्रकरणं तेवढी काढा. लिहिणारा सरकारी माणूस होता हे वाचताना विसरू नका.

मे १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. १५ व्या व्याख्यानातला साम्राज्यवाद ऐकल्यावर तो विषय घ्या, आधी घेऊ नका. आधी घेतला की भाषणं सुरू होतात.

---

गड्डा_यात्री

एवढा खटाटोप कशाला, ओ? यूट्यूबवर मराठीत रोज आंतरराष्ट्रीय घडामोडींचे वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ येतात. ते लावा.

---

कंबर_तलाव

ते बातमी कळायला ठीक आहेत. पण त्यात माहिती कुठून आली ते बहुधा सांगत नाहीत, आणि मथळा ‘आता महायुद्ध अटळ’ असा. गटात लावले की पाच मिनिटांत दोन तट पडतात आणि उरलेला वेळ निवडणुकीवर जातो. लावायचेच असतील तर एक पथ्य पाळा: किमान वर्षभर जुना व्हिडिओ काढा आणि त्यातलं भाकीत खरं ठरलं का ते तपासा. दोन-तीन वेळा केलंत की कोणाला ऐकायचं आणि कोणाला सोडायचं ते गटच ठरवतो.

परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याची पत्रकार परिषद पूर्ण बघा, तुकडे नको. उत्तरापेक्षा कुठला प्रश्न टाळला ते टिपायला लावा.

---

भुईकोट

ठरलं. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, व्याख्यान १५ पासून. दहा मेरीमन, दोन शनिवार बालभारतीवरून शीतयुद्ध, एक पंचशील आणि २४२, एक कोटणीस. गड्ड्याचे दोन सोडून फेब्रुवारीअखेर संपतंय. पहिला गोषवारा कोणी करायचा यावरून मात्र सगळे एकमेकांकडे बघतायत.

---

शेंगाचटणी

पहिला तुम्हीच करा, दुसरा आपोआप कोणीतरी घेतो. आणि शुक्रवारी खोलीत जाऊन पंखे चालू ठेवून, दार उघडं ठेवून, शेवटच्या खुर्चीवर बसून पाच मिनिटं ऐकून या. रिकाम्या खोलीत आवाज जास्त घुमतो, माणसं बसली की कमी होतो, त्यामुळे शुक्रवारी थोडं वाईट वाटलं तर घाबरू नका. फार वाईट वाटलं तर चादरी.